दोन तबकड्यांचें भांडण

गेल्या वर्षीं पहिल्या सहामाहींत इयत्ता नववीच्या वर्गास आम्ही प्रकाशाचे गुणधर्म शिकवीत असतां, प्रयोगासाठीं घरून एखादी जुनी सी.डी. किंवा डी.व्ही.डी. आणावी असें विद्यार्थ्यांस सांगितलें होतें. दुसऱ्या दिवशीं ४८ मुलांपैकीं ११ जणांनीं तबकड्या आणल्या. त्यांतील चार तबकड्यांच्या मधल्या भोंकांत सुतळी ओंवलेली होती. कारण त्या गच्चीवर कबुतरें हांकण्यासाठीं टांगलेल्या होत्या. एका मुलानें आणलेल्या तबकडीवर मात्र त्याच्या आईवडिलांच्या लग्नाची तारीख लिहिलेली होती. "सर, ही कशावर लागते?" असें त्यानें विचारलें. घरीं तें यंत्र नाहीं काय, असें आम्हीं उलट विचारतां, "तें भंगारांत दिलें," असें उत्तर मिळालें. त्या उत्तरावरून या विषयावर दोन शब्द लिहावे असें मनांत आलें.

हल्लींच्या विद्यार्थ्यास चित्रपट हातांतल्या फोनवर दिसतो. तो कोठें सांठविलेला आहे हें त्यास ठाऊक नसतें, व विचारण्याची गरजहि पडत नाहीं. परंतु सुमारें वीस वर्षांपूर्वीं चित्रपट ही हातांत धरण्याची वस्तु होती. आणि ती वस्तु कोणत्या रीतीची असावी याविषयीं जपान व अमेरिका या देशांतील बलाढ्य कंपन्यांमध्यें दोन वर्षें उघड लढाई चाललेली होती. एका बाजूस ब्लू-रे नांवाची तबकडी, दुसऱ्या बाजूस एच.डी. डी.व्ही.डी. नांवाची. दोन्ही दिसावयास सारख्या, दोन्हींचा व्यास सारखा, दोन्हींवर तेच चित्रपट. आणि एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रांत घातली तर यंत्र ढिम्म!

तबकडीचें शास्त्र तसें साधें आहे. तिच्या अंगावर आंतून बाहेर वळत जाणारी एक अखंड रेघ असते, व त्या रेघेवर अत्यंत सूक्ष्म खळगे असतात. त्यांवरून लेसर किरण फिरतो आणि परत येणाऱ्या प्रकाशांतील फरकावरून यंत्र चित्र व ध्वनि वाचतें. आतां किरणाच्या तरंगाची लांबी जितकी कमी, तितका तो बारीक ठिकाणीं एकवटतां येतो. एकाच कागदावर बोरूनें जितका मजकूर मावेल त्याच्या किती तरी पट बारीक टांकानें मावतो, त्यांतलाच हा प्रकार. सी.डी.साठीं ७८० नॅनोमीटर लांबीचा किरण लागे, व तिच्यांत सुमारें ७०० मेगाबाइट मजकूर मावे. डी.व्ही.डी.साठीं ६५० नॅनोमीटरचा तांबडा किरण आला, आणि एका थरांत ४.७ गिगाबाइट मावूं लागले. पुढें निळसर जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा किरण हातीं आला. या कामांत जपानच्या शुजी नाकामुरा यांचा वांटा फार मोठा आहे. निळ्या प्रकाशाच्या दिव्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें, हें आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस ठाऊक असेलच.

येथपर्यंत भांडणाचें कारण नव्हतें, कारण किरण दोन्ही पक्षांनीं तोच घेतला. भांडण होतें तें किरणानें तबकडींत किती खोल जावयाचें याचें. सोनी व तिच्या सोबत्यांनीं मजकुराचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणला. त्यामुळें किरण अधिक बारीक एकवटतां आला व एका थरांत २५ गिगाबाइट मावले. परंतु ओरखड्याचें भय वाढलें, आणि तबकड्या करण्यासाठीं नवी यंत्रसामग्री उभारणें भाग पडलें. तोशिबा कंपनीनें डी.व्ही.डी.प्रमाणेंच ०.६ मिलिमीटर ही खोली कायम ठेविली. तिच्या तबकडींत एका थराला १५ गिगाबाइटच मावत, पण डी.व्ही.डी.च्याच कारखान्यांत थोडा फेरफार करून ती काढतां येई, म्हणून ती स्वस्त पडे.

ह्यापूर्वीं फितींच्या काळांतहि असाच तंटा झाला होता. सोनीनें १९७५ सालीं बीटामॅक्स काढली, व जे.व्ही.सी. कंपनीनें १९७६ सालीं व्ही.एच.एस. काढली. बीटामॅक्सचें चित्र सरस असल्याचा तिच्या चाहत्यांचा दावा असे. परंतु तिची पहिली कॅसेट एक तासाची होती, आणि व्ही.एच.एस.ची दोन तासांची. सबंध चित्रपट एका कॅसेटींत मावतो कीं नाहीं, हा प्रश्न संसारी गृहस्थाच्या दृष्टीनें चित्राच्या सरसपणाहून मोठा होता. शेवटीं १९८८ सालीं खुद्द सोनीनेंच व्ही.एच.एस.चीं यंत्रें करण्यास आरंभ केला. आमच्या लहानपणीं गल्लींतील मंडळी वर्गणी काढून एका रात्रीपुरता 'व्हिडिओ' भाड्यानें आणीत, व पहांटेपर्यंत तीन तीन चित्रपट पाहून डोळे सुजवून घेत, तो व्हिडिओ म्हणजे हीच व्ही.एच.एस.

या तंट्यापासून कंपन्या कांहींच शिकल्या नाहींत असें मात्र म्हणतां येत नाहीं. डी.व्ही.डी.च्या जन्माच्या वेळींहि दोन पक्ष होते: एकीकडे सोनी व फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा व टाइम वॉर्नर. परंतु संगणक करणाऱ्या कंपन्यांनीं, विशेषेंकरून आय.बी.एम.नें, एकच रीत ठरवा असा आग्रह धरल्यामुळें १९९५ सालीं समेट झाला. १९९६ च्या नोव्हेंबरांत जपानांत व १९९७ च्या मार्चांत अमेरिकेंत डी.व्ही.डी. विक्रीस आली, आणि तिनें फितीस घराबाहेर काढलें. दहा वर्षांनीं, म्हणजे २००५ सालीं, त्याच सोनी व त्याच तोशिबा पुन्हा बोलणीं करावयास बसल्या. पण या खेपेस कोणी माघार घेईना, व बोलणीं फिसकटलीं. आमच्या मतें सर्व अनर्थाचें मूळ या फिसकटलेल्या बैठकींत आहे. दोन शास्त्रज्ञांचा मतभेद प्रयोगशाळेंत मिटतो, तेथें न मिटला तर दोन व्यापाऱ्यांचा मतभेद गिऱ्हाइकाच्या खिशांत मिटवावयाचा, हा कोठला न्याय?

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. २००६ च्या एप्रिलांत तोशिबाचें यंत्र अमेरिकेंत ४९९ डॉलरांस आलें, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें २२ हजार रुपयांस. जूनमध्यें सॅमसंगचें पहिलें ब्लू-रे यंत्र ९९९ डॉलरांस आलें. युनिव्हर्सल ही चित्रसंस्था एका पक्षास, डिस्ने व फॉक्स दुसऱ्या पक्षास, वॉर्नर दोन्हींकडे; अशी वांटणी झाल्यामुळें हवा तो चित्रपट हव्या त्या तबकडीवर मिळेलच असा भरंवसा उरला नाहीं. २००७ च्या जानेवारींत एल.जी. कंपनीनें दोन्ही तबकड्या वाचणारें यंत्र दाखविलें, त्याची किंमत १,१९९ डॉलर! दोन सावकारांच्या भांडणांत तिसऱ्यानें वकिली करावी, तसाच हा मामला. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत पॅरामाउंट संस्था ब्लू-रे सोडून तोशिबाच्या पक्षास मिळाली, व नोव्हेंबरांत वॉलमार्टच्या दुकानांत तोशिबाचें एक यंत्र शंभर डॉलरांच्याहि आंत विकलें गेलें. तें घेण्यासाठीं ज्यांनीं गर्दी केली त्यांस सौदा साधल्याचा आनंद झाला असेल. त्या आनंदाचें आयुष्य चार महिन्यांहून कमी होतें.

या लढाईंत एक गंमत अशी झाली कीं तिचा पुष्कळसा निकाल मुलांनीं लावला. सोनीनें २००६ च्या नोव्हेंबरांत प्लेस्टेशन ३ नांवाचें खेळाचें यंत्र काढलें, व त्याच्या पोटांत ब्लू-रे वाचण्याची सोय आधींच घालून ठेविली. जीं घरें चित्रपटाची तबकडी घेण्यास तयार नव्हतीं, त्यांच्या दिवाणखान्यांत ती खेळाच्या निमित्तानें शिरली. मायक्रोसॉफ्टनें आपल्या खेळयंत्रासाठीं एच.डी. डी.व्ही.डी. वाचणारी पेटी काढली होती, पण ती निराळे पैसे मोजून घ्यावी लागे. घरांत कोणती वस्तु यावी हें बाप ठरवितो अशी समजूत असणाऱ्या पालकांनीं या गोष्टीचा विचार करावा.

४ जानेवारी २००८ रोजीं वॉर्नरनें यापुढें फक्त ब्लू-रेवरच चित्रपट काढण्याचा निश्चय जाहीर केला. मग वाऱ्याची दिशा पाहून नेटफ्लिक्स, बेस्ट बाय व वॉलमार्ट हे एकामागून एक त्याच बाजूस गेले, आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजीं तोशिबानें आपली तबकडी बंद करीत असल्याचें सांगितलें. ज्यांनीं तिचीं यंत्रें विकत घेतलीं होतीं त्यांस बेस्ट बायनें ५० डॉलरांची भेटचिठ्ठी दिली. वॉर्नरनें पुढें प्रत्येक तबकडीस ४.९५ डॉलर व टपालखर्च घेऊन ती ब्लू-रेमध्यें बदलून देण्याची सोय केली. तोशिबाचीं यंत्रें साध्या डी.व्ही.डी. वाचीत राहिलीं, एवढेंच काय तें समाधान. आणि २००९ सालीं खुद्द तोशिबानेंहि ब्लू-रे यंत्र बाजारांत आणलें.

चांगलें असतें तें टिकतें, असें मुलांस सांगण्याची आम्हां शिक्षकांस संवय असते. या प्रकरणीं तें सांगतांना जीभ अडखळते. एच.डी. डी.व्ही.डी.चें प्रत्येक यंत्र आरंभापासूनच पुरें होतें. ब्लू-रेच्या पहिल्या यंत्रांत पुढें निघालेल्या कित्येक सोयी चालतच नसत. शिवाय एच.डी. डी.व्ही.डी.वर देशादेशांच्या भिंती नव्हत्या. ब्लू-रेनें पृथ्वीचे तीन भाग पाडले. अमेरिका एका भागांत, हिंदुस्थान दुसऱ्यांत. अमेरिकेंत नोकरीस असलेल्या मुलानें पुण्यास किंवा नागपुरास आईबापांकडे तिकडची ब्लू-रे पाठविली, तर ती येथील यंत्रावर चालेलच असें नाहीं. या एका गोष्टीसाठीं तरी हरलेल्या पक्षाविषयीं आम्हांस आदर वाटतो. ब्लू-रेमध्यें मजकूर अधिक मावे हें खरें. पण जिंकण्याचें कारण तेवढेंच होतें असें कोणी म्हटल्यास आम्हांस तें पटत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. त्या दोन वर्षांत अमेरिकेंतील बहुतेक कुटुंबांनीं या दोहोंपैकीं कांहींच घेतलें नाहीं. नवीन वस्तु न घेणारा तो मागासलेला, असें जाहिरातींतून नेहमीं सुचविलें जातें. आमच्या मतें त्या न घेणाऱ्यांनींच ही लढाई संपविली. वॉर्नरनें आपला निश्चय कळवितांना जें कारण दिलें तें हेंच, कीं दोन रीतींमुळें गिऱ्हाईक गोंधळांत पडलें आहे व खरेदीस धजत नाहीं. जें १९९५ सालीं संगणक कंपन्यांच्या आग्रहानें झालें, तें २००८ सालीं सामान्य गृहस्थानें हात आंखडून करून घेतलें. आणि त्याचें नुकसान तरी काय झालें? फितीवरून डी.व्ही.डी.वर येण्यांत उघड लाभ होता. ती मागें गुंडाळावी लागत नसे, हवा तो प्रसंग चटकन् लागे, व वारंवार पाहून झिजत नसे. डी.व्ही.डी.वरून नव्या तबकडीवर जाण्यांत केवळ चित्राचा रेखीवपणा वाढत होता. आपल्याकडच्या डी.व्ही.डी.चें चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचें, नव्या तबकडीचें १९२० गुणिले १०८० बिंदूंचें. फरक मोठा आहे, पण तो दिसण्यासाठीं आधीं नवा व मोठा टेलिव्हिजन हवा. पुढें कित्येक वर्षें ब्लू-रेपेक्षां साध्या डी.व्ही.डी.च अधिक खपत राहिल्या, यांत आश्चर्य तें काय?

आपल्याकडे तर या लढाईची तोफ नीट ऐकूंहि आली नाहीं. २००७ च्या सुमारास आपल्या देशांत मोझर बेअर कंपनी व्ही.सी.डी. २८ रुपयांस व डी.व्ही.डी. ३४ रुपयांस विकत होती. व्ही.सी.डी.चें चित्र तर डी.व्ही.डी.च्या चौथाईइतक्याहि बिंदूंचें नसे. तरी शनिवारीं रात्रीं शेजाऱ्यांसह ती पाहणाऱ्या माणसास आपण कांहीं कमी पाहत आहों असें वाटत नसे. आम्हांसहि वाटलें नाहीं.

जिंकलेल्या ब्लू-रेसहि फार दिवस राज्य भोगतां आलें नाहीं. नेटफ्लिक्सनें २००७ च्या जानेवारींतच, म्हणजे लढाई ऐन भरांत असतां, तारेवरून चित्रपट दाखविण्यास आरंभ केला होता. तबकड्या टपालानें पाठविण्याचें तिचें काम २०२३ च्या सप्टेंबरांत बंद झालें. घरीं मजकूर उतरवून ठेवण्याच्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्या करणें सोनीनें २०२५ च्या फेब्रुवारींत थांबविलें. चित्रपटकलेचा ज्यांस मनापासून शोक आहे त्यांनीं ब्लू-रे अवश्य घ्यावी. आज घेतलेला चित्रपट उद्यां कोणी कळ दाबून काढून नेईल, ही भीति तींत नाहीं. इतरांनीं बाजारांतील चित्रपटासाठीं धांवाधांव करूं नये. तो आज या तबकडीवर नाहीं, तर उद्यां दुसऱ्या कशावर तरी मिळतोच.

हें सर्व आम्ही मोठ्या शहाणपणानें लिहीत आहों खरें. परंतु याच शहाणपणानें आमच्या घरीं एक हानि झाली आहे, ती सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. आमचे वडीलहि शिक्षकच होते. १९९६ सालीं ते सेवानिवृत्त झाले, तेव्हां त्यांच्या निरोपसमारंभाची दोन तासांची व्ही.एच.एस. कॅसेट काढण्यांत आली होती. २००३ सालीं ती डी.व्ही.डी.वर उतरवून घ्यावी असें एका परिचितानें सुचविलें. आम्हीं म्हटलें, थोडें थांबूं. याहून चांगलें कांहीं तरी येईल, म्हणजे एकदांच काय तो खर्च होईल. मग दोन तबकड्यांच्या भांडणाच्या बातम्या येऊं लागल्या, तेव्हां म्हटलें, कोण जिंकतो तें पाहूं. २००८ सालीं एक जिंकला, तर त्याचीं यंत्रें आमच्या पगारास झेपणारीं नव्हतीं; म्हटलें, स्वस्त होऊं द्या. २०११ सालीं वडील वारले. तीन वर्षांनीं आईच्या आग्रहावरून ती कॅसेट कपाटांतून काढली, तों फितीच्या कडेस पिठासारखी पांढरी बुरशी धरलेली. अठरा पावसाळे तिनें त्या कपाटांत काढले होते! ती यंत्रांत घातल्याबरोबर अडकली व दोन ठिकाणीं तुटली. फार खटपटीनें नऊ मिनिटें उतरलीं. त्यांत हार घालण्याचा प्रसंग आहे, मंडपांत चहा देणारी मुलें आहेत, आमची धाकटी बहीण कॅमेऱ्याकडे पाहून जीभ दाखविते आहे. वडिलांचें भाषण त्यांत नाहीं.

यांत कोणत्याहि कंपनीचा दोष नाहीं. बाजारांतला चित्रपट व घरांतली कॅसेट यांस आम्हीं एकच नियम लावला, ही आमची चूक. चित्रपटाच्या हजारों प्रती निघतात; त्या कॅसेटची जगांत एकच प्रत होती. तिला ब्लू-रेचा रेखीवपणा नको होता, कारण व्ही.एच.एस.च्या अंगांत मुळांतच तितका रेखीवपणा नसतो. २००३ सालच्या साध्या डी.व्ही.डी.वर ती जशीच्या तशी मावली असती, आणि पुढें तिच्यावरून संगणकांत घेणें हें अर्ध्या तासाचें काम होतें. कॅसेट वाचणारें यंत्रहि आतां नव्यानें मिळत नाहीं. फुनाई या जपानी कंपनीनें जगांतील शेवटचीं व्ही.सी.आर. यंत्रें करणें २०१६ च्या जुलैंत बंद केलें. आतां आहेत तीं जुनींच, आणि एकेक बिघडत चाललेलीं.

त्या नववीच्या मुलाची तबकडी आम्हीं शाळेच्या संगणकांत लावून पाहिली. घरीं उतरविलेल्या डी.व्ही.डी.मध्यें मजकूर एका रंगाच्या थरांत असतो व तो रंग काळानें फिका पडतो; त्यामुळें पहिल्या दोन खेपांस ती वाचतां येईना. तिसऱ्या खेपेस शेवटचा थोडा भाग सोडून सर्व उतरलें. मधल्या सुटींत त्याच्याबरोबर वर्गांतील दहाबारा मुलें तें पाहण्यास जमलीं होतीं. वरातींत फेटा बांधून नाचणारे एक वृद्ध गृहस्थ दिसतांच, "हे माझे आजोबा. मी यांना पाहिलेलं नाही," असें तो म्हणाला, व तेवढाच भाग त्यानें चार वेळां मागें नेऊन पाहिला.

शाळेपाशीं एका पालकांनीं दिलेला एक चालू व्ही.सी.आर. व तबकड्या वाचणारे दोन जुने संगणक आहेत. स्नेहसंमेलनांच्या व नाताळच्या कार्यक्रमांच्या १७ जुन्या कॅसेट कार्यालयाच्या फडताळांत सांपडल्या होत्या. त्यांपैकीं १२ दहावीच्या मुलांनीं दिवाळीच्या सुटींत आमच्या देखरेखीखालीं उतरविल्या आहेत. ज्या पालकांच्या घरीं लग्नाच्या, बारशाच्या किंवा वडील माणसांच्या कॅसेट अथवा तबकड्या पडून असतील, त्यांनीं त्या शनिवारीं शाळा सुटल्यावर मुलाबरोबर पाठवाव्या. प्रत उतरून झाल्यावर मूळ वस्तु परत मिळेल. प्रत ठेवण्यासाठीं पेनड्राइव्ह सोबत द्यावा, शक्य तर दोन द्यावे, व त्यांतील एक दुसऱ्या घरीं ठेवावा. कॅसेटच्या खिडकींतून फितीवर पांढरें कांहीं दिसत असल्यास ती कोणत्याहि यंत्रांत घालून पाहूं नये. तशीच कोरड्या फडक्यांत गुंडाळून आणावी.